पन्नास किलोची कूस

केवळरामने आमगावच्या राईस मिलमध्ये तीस वर्षं पोती उचलली. नंतर बायको उचलली. लकव्याने अन्नपूर्णाची उजवी बाजू गेली, तेव्हापासून दर दोन तासांनी तो तिची कूस बदलायचा. दोन वर्षांत तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

तेच नडलं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी सरकारी दवाखान्याची नर्स फुकट येणार होती. यादी करणाऱ्या दुधरामने दारातूनच डोकावलं. स्वच्छ चादर, विंचरलेले केस पाहिले आणि लिहिलं, 'सेवेची गरज नाही.'  केवळराम ते विसरला नाही.

चार महिन्यांनी दुधराम सकाळीच धापा टाकत आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरोघर जाऊन यादी तपासणार होत्या.

"केवळरामभाऊ, मी घरात येऊन पाहिलं म्हणून सही द्या. वहिनीचं नाव लावून देतो."

"देतो. आधी हे पोतं फिरव." केवळरामने रिकाम्या खाटेवर तांदळाचं पोतं आडवं टाकलं. "पन्नास किलो. हिच्याएवढं. सातपासून पाचपर्यंत, दर दोन तासांनी."

दुधरामने कोपऱ्यातला, पोत्यात रुतवून ओढायचा हमालीचा आकडा उचलला.

"ठेव तो. बायकोले आकडा लावशील का तू?"

नऊ वाजता चादरीला चुणी पडली.

"पुन्हा कर. त्या चुणीनं चामडी सोलून निघते."

अकराला दुधरामने कंबर धरली. "भाऊ, जीव घेऊन राहिले का माहा?"

"पोतं मुतत नाही, रडत नाही. तुले सोपंच देलं."

अन्नपूर्णा अर्ध्या तोंडाने हसली. कितीतरी दिवसांनी.

पाचला सहावी कूस झाली. दुधरामने यादीचा कागद दुरुस्त केला. केवळरामने सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.

"तारीख जुनी टाका ना, भाऊ!"

"आत आज आलास."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद पाहिला. "पाहणी चार महिन्यांपूर्वीची. तारीख कालची कशी?"

"काल पहिल्यांदा यानं उंबरठा ओलांडला. चार महिने हिची नर्स यानंच अडवली."

बाईंनी सोमवारपासून नर्स लावली. दुधरामकडची यादी काढून घेतली.

फाटकापाशी दुधराम कण्हत म्हणाला, "काल दिवसभर वसूल केलं ना, भाऊ? मग आज काऊन सांगितलं?"

"काल घेतलं ते माह्या कमरेचं," केवळराम म्हणाला. "हे तिचं."