पोच मागणारे काका

"ताई, याची पोच द्या," असं म्हणत त्यांनी एकाच अर्जाच्या दोन प्रती काउंटरवर कडेला कड लावून ठेवल्या, तेव्हा मी दचकलेच. मिशिगनमधल्या आमच्या लहानशा शहराच्या वाचनालयात दिवसभरात मराठी शब्द कानावर पडत नाही. माझ्या स्वेटरवरच्या नावाच्या पट्टीवरून त्यांनी मला ओळखलं होतं.

पोच म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. इथल्या लोकांना मात्र ती कल्पनाच कळत नाही. अर्ज होता शहराच्या हाउसिंग ऑफिसला, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की आमच्याकडे असा शिक्काच नाही. आमच्या ड्रॉवरमध्ये पूर्वी पुस्तकांवर मारायचा तारखेचा शिक्का पडून होता. मी म्हटलं, काका, हा वाचनालयाचा, त्याला काही अर्थ नाही.

"तारीख तर खरी आहे ना?"

मी शिक्का मारला. पुढची दीड-दोन वर्षं मारत राहिले.

दार उघडण्याआधी वाचनालयाबाहेर उभी असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंगावर दोन जाकिटं, हातात एक पिशवी. आपण त्यांच्याकडे बघतो आणि बघितलंच नाही असं दाखवतो. मीही तेच करायचे. काका त्यांच्यातच उभे असायचे, पण शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आमच्या वॉशरूममध्ये दाढी करायचे आणि नंतर कागदाने बेसिन पुसून कोरडं करायचे. आमच्या सफाईवाल्याने एकदा मला विचारलं होतं, हा माणूस इथे कामाला आहे का?

ते मूळचे नागपूरचे. भेटल्यावर "जय भीम" म्हणायचे, मग माझी चौकशी. तीस वर्षांपूर्वी ड्राफ्ट्समन म्हणून इथे आले, गाड्यांच्या भागांची ड्रॉइंग काढली, नागरिक झाले. मग बायको आजारपणात गेली. पाठोपाठ नोकरी गेली. मग राहती इमारत विकली गेली आणि नव्या मालकाने सगळ्यांना बाहेर काढलं. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून त्यांची निळी गाडी वाचनालयाच्या पार्किंगमध्ये असायची, आणि ते त्या गाडीत.

हाउसिंग ऑफिसच्या, कमी भाड्याच्या घरांसाठीच्या यादीत त्यांचं नाव होतं. ऑफिसने पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही म्हणून फाइल बंद केली. पत्र पाठवलं होतं जुन्या घराच्या पत्त्यावर.

"घर नाही म्हणून अर्ज केला, तर उत्तर घरी पाठवलं," असं सांगताना ते हसले. मलाही हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

हळूहळू त्यांच्या टेबलापाशी इतर माणसं बसू लागली. कुणाला ऑफिसने तीन वेळा परत पाठवलेलं, कुणाचे कागद तिथेच हरवलेले. काका प्रत्येकाची तक्रार लिहून द्यायचे, स्वच्छ, लांबलचक इंग्रजीत. एखादा फार कळवळून सांगू लागला की त्याला थांबवायचे. रडायचं नाही, तारीख लिहायची, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या जानेवारीत फार थंडी पडली. मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना जवळजवळ ओढूनच घरी आणलं. अकरा दिवस राहिले. सकाळी आम्ही उठायच्या आत अंथरुणाची घडी झालेली असायची. माझ्या मुलीला त्यांनी कागदावर रस्ता लांब जाताना कसा काढायचा ते शिकवलं. ती इंग्रजीत विचारायची, ते मराठीत सांगायचे.

दहाव्या दिवशी त्यांना ऑफिसचा फोन आला, सध्या कुठे राहता? त्यांनी खरं ते सांगितलं. ऑफिसने नोंद केली की यांना निवारा मिळाला आहे, आणि दुसऱ्यांदा उघडलेली फाइल पुन्हा बंद केली. मी फोन करून भांडले. आम्ही थंडीपुरतं ठेवून घेतलंय, म्हटलं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, मग त्यांनी नव्याने अर्ज करावा.

म्हणजे आम्ही त्यांना घरात घेतलं, म्हणून त्यांचं घर गेलं. ते मला आजही पचत नाही. त्या दिवशी मी त्यांच्यावरच चिडले. गाडीत राहतो एवढंच सांगायचं होतं ना, काका.

"तुमच्या हातचं जेवलो, ताई. ते जेवलो नाही असं कसं सांगू?"

थंडी ओसरल्यावर ते गाडीत परत गेले. आम्ही थांबा म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

वसंतात नगर परिषदेच्या बैठकीत बोलायला त्यांनी नाव दिलं. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. मी बजावलं होतं, स्वतःचं सांगा. ते उभे राहिले आणि दोन मुलांना घेऊन गाडीत राहणाऱ्या एका बाईबद्दल बोलले, जिचं पत्रही असंच जुन्या पत्त्यावर गेलं होतं. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तसे वाक्य अर्धं सोडून आभार मानून खाली बसले. एक सदस्या मात्र लिहून घेत होती. दोन महिन्यांनी ऑफिस लोकांना विचारू लागलं की पत्र कुठे पाठवू, आणि वाचनालयाचा पत्ता चालू लागला. त्या बाईला दोन खोल्या मिळाल्या. काकांचा नवा अर्ज यादीच्या तळाशी होता, तो तिथेच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला थांबेना. एका सकाळी ते टेबलावर डोकं टेकून बसले ते उठेनात. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, बरोबर गेले. हॉस्पिटलमध्ये नर्सने पत्ता विचारला. मी आमचा सांगू लागले, तर मास्क बाजूला करून ते म्हणाले, "तिथे मी पाहुणा होतो. रिकामं ठेवा." पण रिकामी जागा कॉम्प्युटर घेईना. नर्सने दोनदा प्रयत्न केला आणि शेवटी हॉस्पिटलचाच पत्ता टाकला.

चौथ्या दिवशी ते गेले.

तोपर्यंत शहराने गाडी उचलून नेली होती. मालक हॉस्पिटलमध्ये आहे हे मी फोनवर कळवलं होतं, त्याची कुठे नोंद सापडली नाही. सकाळी पार्किंगमध्ये सगळीकडे बर्फ होता आणि गाडीच्या मापाचा एक काळा तुकडा तेवढा उघडा होता. तिथेच उभी राहून मी नागपूरला त्यांच्या धाकट्या भावाला फोन लावला. नंबर त्यांच्या डायरीत सापडला होता.

भाऊ आधी आजारपणाचं विचारत राहिले. मग म्हणाले की दादा दर रविवारी फोन करायचा, पण घराचा फोटो कधी पाठवला नाही. "कसं होतं हो त्याचं घर?"

मी पायाखाली पाहिलं.

"लहानसंच होतं," मी म्हटलं. "पण चारी बाजूंनी खिडक्या होत्या."