मुक्या झालेल्या बाहुल्या

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी भिलाईला निघाले. ठेसनावर आबा, माझे वडील, पत्र्याची ट्रंक धरून उभे होते. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाले, "सीतेचा आवाज तू घेऊन चालली, बाई. तिकडं गात राह्यजो."

अनसिंग-रिठदच्या जुन्या माणसांनो, आमचा खेळ तुम्हाला आठवत असेल. पांढरा पडदा, मागे तेलाचा दिवा, आणि चामड्याच्या रंगीत बाहुल्यांच्या सावल्यांचं रामायण. गणपतीची सावली उमटली की बायका पदर सारखा करून हात जोडायच्या. वानरांची फजिती झाली की त्याच बायका पोट धरून हसायच्या. आबा बाहुल्या नाचवायचे, राम-रावण बोलायचे. सीता आई गायची. ती वारल्यावर मी गाऊ लागले. पडद्यामागे बसून गावं मला दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. सीतेला वनात सोडलं की पलीकडे कुणीतरी हमखास हुंदका द्यायचं.

भिलाईत क्वार्टर मिळालं, घरात नळ आला. नवऱ्याच्या ड्यूटीच्या भोंग्यावर माझा दिवस उगवू-मावळू लागला. शेजारणींशी बोलता बोलता हिंदी तोंडात बसली.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तर बाहुल्यांचा पेटारा जागेवर नव्हता. काय झालं ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. रिठदच्या खेळात आबांनी स्वतःच सीता गायला घेतली, आणि तो घोगरा आवाज ऐकून तरणी पोरं हसली. आबांनी तिथंच आरती करून दिवा मालवला. आमच्यात जीर्ण बाहुली माणसासारखी हळदकुंकू लावून नदीत सोडतात. आबांनी सगळ्या धडधाकट बाहुल्या पैनगंगेत सोडल्या होत्या.

"काहून सोडल्या, आबा?" मी विचारलं.

"मुक्या झाल्या होत्या. मुक्या देवाले किती दिस नाचवू?" मग खाली बघत म्हणाले, "सीतेले पयले सोडलं. लय वाट पाह्यली तिनं."

माझ्यासोबत चला म्हणून विनवलं, पण आले नाहीत. पुढं एका हिवाळ्यात गेले. मला तार पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

पोळ्या लाटताना अजून सीतेचं पद ओठांवर येतं. रामाच्या बोलण्याची जागा आली की मी थांबते. सून म्हणते, विसरलात वाटतं. विसरले नाही. तेवढी जागा आबांची आहे. माहेर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर आता माझ्यापाशी तेवढंच आहे.