भाट्याच्या खाडीत सोडलेला डबा

"साहेब, खाली कोणीतरी ठोकतंय," मंदाताई म्हणाल्या आणि कानावरचा हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

आम्ही भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी होडीत होतो. हिवाळ्यातली सकाळ. धुक्यात किनाऱ्यावरचे माडही दिसत नव्हते. इंजिन बंद होतं. तळाला एक डबा सोडला होता. त्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले आवाज पकडणारं यंत्र.

ऐंशीच्या दशकात मी नौदलासाठी खरेदी करणारा इंजिनिअर होतो. मंदाताईंचा रत्नागिरीत आमरस डबाबंद करायचा कारखाना. लष्करी कामाचा अनुभव शून्य. टेंडरमध्ये त्या पहिल्याच अटीला बाद झाल्या असत्या. पण नेहमीच्या पुरवठादारांचे डबे खाऱ्या पाण्यात गळत होते. म्हणून माझ्या वरच्या साहेबांनी मला डेव्हलपमेंट ऑर्डर काढू दिली. म्हणजे डबा कसा बनवायचा ते आम्ही सांगायचं नाही. त्यानं काय सोसायला हवं तेवढंच सांगायचं.

"ट्रायल एकच," साहेबांनी बजावलं होतं. "भरती भरेपर्यंत डबा पाण्यात. आधी काढलात तर विषय संपला."

मी हेडफोन लावला. टक. टक. टक. मग शांतता. पुन्हा तसंच. बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसं.

"लाट आपटत असेल," मी म्हणालो.

"लाट हाय कुठं?" होडी चालवणारे आमचे तांडेल इब्राहिमचाचा म्हणाले. खरंच, पाणी तेलासारखं निपचित पडलं होतं.

मंदाताईंनी वाकून होडीच्या फळीवर दोनदा ठोकलं. क्षणभर काही नाही. मग माझ्या कानात दोन ठोके आले.

"दोन," मी म्हणालो. ते ऐकताच चाचांनी सरळ दोरीला हात घातला.

"वर घेतो. मी हितं थांबत नाय."

"चाचा, दोरी सोडा."

"ताई, खाली कोण हाय ते तुमाला ठाव नाय!"

"नाही ठाऊक. पण डबा माझा आहे. भरती भरेपर्यंत तो खालीच राहील."

चाचांनी दोरी सोडली. मंदाताईंचा आवाज कापत होता. तरी त्यांनी हेडफोन परत मागून घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले.

"काय येतंय?" मी विचारलं.

"आता न ठोकताच येतंय. आणि जवळून."

चाचा पुटपुटत दुवा मागत होते. भरती भरली, तसं आम्ही तिघांनी मिळून डबा ओढला. तो तळावरून सुटताच आवाज तुटला.

झाकण उघडलं. आत थेंबभरही पाणी नव्हतं.

मंदाताईंना ऑर्डर मिळाली. साहेबांनी आवाजाबद्दल विचारलं, तेव्हा मी "मासे असतील" म्हणालो. मासे आवाज करतात हे खरं. मोजून उत्तर देणारा मासा मात्र मला अजून कोणी दाखवलेला नाही.

पुढे नवख्या माणसाला काम देताना मी एवढंच बघायचो: भीती वाटल्यावर हा दोरी ओढतो, की भरती भरेपर्यंत थांबतो.