डार्क म्हणजे काळं नव्हे

वर्गात कोणी नुसतं ‘ते डार्कवालं’ म्हणालं, की मुकादम बाई हातातला खडू टेबलावर ठेवायच्या आणि कमरेवर हात ठेवून विचारायच्या, “कुठलं? धरणारं की ढकलणारं?” उत्तर येईपर्यंत फळ्यावर पुढचं अक्षर उमटायचं नाही. महाडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या आणि मी मराठी. व्हरांड्यातून जाताना तो आवाज कानावर आला की मलाच उगाच घाम फुटायचा.

बाई आता नाहीत. शोकसभेत जो तो उठून त्यांच्या ताऱ्यांबद्दल बोलला. सोनाबाईचं नाव एकानेही काढलं नाही, याचा मला अजून राग आहे.

आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या पेट्यांतून अत्तर नि खजूर निघायचे. बाईंच्या भावाच्या पेटीतून इंग्रजी विज्ञान मासिकं निघायची. ती वाचून झाली की बाई स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसायच्या. “मोरेबाई, डार्कला मराठीत काळं म्हणू नका हं! काळं निदान दिसतं तरी. हे दिसतच नाही.”

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोलादपूरला एका मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. समोर बायका बऱ्याच होत्या, तेव्हा बाईंनी फुगडीच काढली. “फुगडी जोरात फिरली की हात घट्ट धरावे लागतात, नाहीतर दोघी दोन दिशांना पडतील. आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे मोठे मोठे समूह, इतक्या जोरात फिरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांची पकड पुरत नाही. मग आणखी कोण धरून ठेवतं? न दिसणारं काहीतरी. ते डार्क मॅटर, धरणारं. आता पटांगणात अशा पुष्कळ फुगड्या आहेत आणि पटांगणच ताणलं जातंय. फुगड्या एकमेकींपासून लांब चालल्यात, वर वेगही वाढतोय. तो वाढवणारी ती डार्क एनर्जी, ढकलणारी. दोन्ही आहेत तरी काय, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. पण एक नव्हेत!” शेंबड्या पोरालाही कळेल असं हे सांगणं.

आणि दुसऱ्या दिवशी एका छोट्या पेपरात मथळा काय? ‘विश्वावर काळ्या शक्तीचे राज्य’! खाली बाईंचं नाव. धरणारं नि ढकलणारं एकाच टोपलीत कोंबलेलं. अहो, आमच्याकडे काळी शक्ती म्हणजे करणी, भानामती. हे त्या बातमीदाराला माहीत नव्हतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र खो खो हसल्या.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या भगताने ते कात्रण खिशात घालून सोनाबाई नावाच्या विधवेला चेटकीण ठरवलं. शेजाऱ्याची दोन गुरं मेली होती, एवढाच तिचा गुन्हा. तिला विहीर बंद झाली. “मुकादम म्याडम शिकल्याल्या हायत, त्या काय खोटं बोलतील?” असं तो भगत सांगत सुटला होता.

बाई तडक पेपरच्या कचेरीत गेल्या, मी मागोमाग. बातमीदार म्हणाला, “आतल्या पानावर खुलासा छापतो, मॅडम.”

“वाडीत तुमचा पेपर वाचतं कोण? ज्या तोंडाने घाण केलीत, त्याच तोंडाने साफ करा. चला, एसटीत बसा!”

त्याला नेलंच. वाडीच्या देवळापुढे माणसं जमली, आणि तो खाली मान घालून ‘चुकीचं छापलं’ असं पुटपुटला. मग बाई उभ्या राहिल्या. “धरणारं तारे धरतं, ढकलणारं आकाश ताणतं. तुमची गुरं कुठे बांधलीत, हे दोघांनाही ठाऊक नाही!” लोक हसले. भगत तोंड फिरवून बसला. एक म्हातारा म्हणाला, “म्याडम बोलतायत तर जाऊ द्या रं तिला पान्यावर.” मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात कडेला हंडा घेऊन उभी असलेली सोनाबाई पुढे आली. “बाय, तुमी सांगितलंत म्हनून मी पान्यावर जायाचं? उद्या पेपरात आनखी कायतरी येल. तवा मी पुन्ना चेटकीन?”

आम्ही परतीची एसटी धरली. पोलादपूर आलं तशा बाई एकदम म्हणाल्या, “बरोबर बोलली ती. तिथे फिजिक्स काय शिकवत बसले मी? उतरा, मोरेबाई.”

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. भगताविरुद्ध तक्रार सांगून झाली. हवालदार भला माणूस, पण लिहिता लिहिता पेन थांबवून हळूच विचारता झाला, “मॅडम, तुम्ही जाणकार म्हणून विचारतो. ती काळी शक्ती खरंच असते का हो?”

मला वाटलं, झालं, आता फुगडी! पण बाईंनी टेबलावर हात आपटला.

“असेल, नाहीतर नसेल! उद्या भुतं असतात असं सिद्ध झालं, तरी त्या बाईला विहिरीवरून हाकलायचा हक्क कुणाच्या बापाला मिळत नाही. हे लिहा आधी!”

त्याने मुकाट्याने लिहिलं. भगताला ठाण्यातून बोलावणं गेलं, आणि सोनाबाई पाण्यावर गेली ती कुणालाही न विचारता.