बाळकृष्ण बोंगाळे आणि सायकलची सीट

हुबळीच्या दाजिबान पेठेत पँट शिवणारे बाळकृष्ण बोंगाळे रिक्षात बसण्याआधी तिचा नंबर तळहातावर लिहून घेतात. नारळ विकत घेताना तो कानाशी धरून हलवतात हे ठीक, पण देवळात फोडून परत मिळालेल्या वाट्या आपल्याच नारळाच्या आहेत ना, हेही एकमेकींशी जुळवून बघतात. छप्पन्न वर्षांत आपल्याला कोणी फसवलेलं नाही याचा त्यांना मोठा अभिमान. फसवायला मुळात कोणी आलं होतं का, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांना साखर असल्याचं सांगितलं, तेव्हा पहिला संशय डॉक्टरांवरच. बोंगाळ्यांनी रक्त दुसऱ्या लॅबमध्ये दिलं, मग तिसऱ्या. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. तिघं आतून मिळालेले असतील असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, पण तिसरी लॅब धारवाडची होती, तेव्हा नाइलाज झाला. रोज तासभर घाम गाळा, नाहीतर इंजेक्शन सुरू करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आता बोंगाळे इंजेक्शनच्या सुईला भयंकर भितात, आणि शिंपी माणूस सुईला भितो हे पेठेत पसरलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून त्यांनी सायकल चालवायचं ठरवलं. शाळा सुटल्यापासून चाळीस वर्षांत ते सायकलवर बसले नव्हते.

सायकल दिली दीपकनं. दीपकचं पंक्चरचं दुकान बोंगाळ्यांच्या समोरच. अठरा वर्षं रोज अकरा वाजता एक चहा दोघांत व्हायचा. जगात बोंगाळ्यांनी कधी संशय घेतला नाही असा हा एकच माणूस. असे आणखी असू शकले असते. थोरला भाऊ तुकाराम पूर्वी बोंगाळ्यांच्याच दुकानात शेजारच्या मशीनवर बसायचा. एकदा गिऱ्हाईकाचं सुटाचं कापड सापडेना, तेव्हा बोंगाळ्यांनी भावाकडे असं काही बघितलं की तो महिन्याभरात बेळगावला निघून गेला. पुढे चुना मारताना ते कापड कपाटामागून निघालं. पण तसं भावाला सांगायला बोंगाळे काही गेले नाहीत. तेव्हापासून भाऊ भेटतात ते घरातलं कोणी वारलं तरच.

तर दीपकनं एक जुनी फ्रेम घासली, रंगवली, नवी चाकं घातली, नवी सीट बसवली आणि पंधरा दिवस राबून सायकल उभी केली. बोंगाळे नवनगरात राहतात आणि दीपक पलीकडे अमरगोळला. रोज पहाटे दीपक आपली सायकल घेऊन नवनगरच्या फाट्यावर थांबायचा, मग उणकलच्या चढावरून दोघं गप्पा मारत पेठेत यायचे. पहिल्या दिवशी दुकान उघडताना बोंगाळे चक्क शीळ घालत होते.

तिसऱ्या दिवशी शीळ बंद पडली.

जागाच अशी नाजूक की कोणाला सांगणार? सायकलवर बसलं की भाजल्यासारखं व्हायचं, उतरलं की आग आणखी वाढायची. बोंगाळे उभ्यानं जेवू लागले. सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं तर म्हणाले, पाठ धरलीय. सुमनताईंनी खोबरेल तेलाची बाटली काही न बोलता न्हाणीघरात नेऊन ठेवली. त्यावरून हिला कोणी सांगितलं, याचा बोंगाळ्यांनी दोन दिवस तपास केला. दुकानात तर फार पंचाईत. मशीन काही उभ्यानं चालवता येत नाही. ते स्टुलाच्या कडेवर एका मांडीनं टेकून शिवत, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघून हसतोय असं त्यांना वाटे.

पुण्याला असलेल्या मुलीचा, मनीषाचा, फोन आला.

"अप्पा, सायकलसाठी आत गादी लावलेली चड्डी मिळते. ती घाला, आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. दोन दिवस सायकल बंद ठेवा, कातडी बरी होऊ दे."

"आत काही घालायचं न्हाई?" बोंगाळे आवाज खाली आणून म्हणाले. "फोनवर बोलायची गोष्ट हाय व्हय ही?"

तयार चड्डीवर त्यांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यानं शिवलेलं कापड बोंगाळ्यांनी अंगाला लावलेलं नाही. त्यांनी जुन्या सोफ्यातला स्पंज कापला आणि जाड ड्रिलच्या कापडाची चड्डी स्वतः शिवली. शिवली म्हणजे कशी, तर बोंगाळ्यांच्या खास पद्धतीनं. बैठकीच्या, म्हणजे दोन मांड्यांमधल्या, शिलाईत कापडाच्या चार घड्या, त्यावर तीन टिपा. कापड विरेल पण बोंगाळ्यांची बैठक उसवणार नाही, असं पेठेत तीस वर्षं म्हटलं जातं, आणि ते खरंही आहे. ती चड्डी घालून, आत नेहमीचे कपडे घालून, वरून आपलीच पँट चढवून ते निघाले. दोन दिवस थांबणं तर त्यांना मान्यच नव्हतं. त्या दिवशी उणकलच्या चढावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तिथंच शंकेची पाल चुकचुकली. सगळं करून झालं. तेल झालं, गादी झाली. मग राहिलं काय? सीट. सीट कोणी बसवली? दीपकनं. पंधरा दिवस फुकट राबला म्हणतो. या जगात फुकट कोण राबतं?

बोंगाळे सायकलवरून उतरले.

"दीप्या, ही सीट कुठनं आणलास?"

"पेठेतनंच की. नवी हाय. प्लॅस्टिक तुझ्यासमोरच फाडलो न्हाई का?"

"प्लॅस्टिक कुणीबी चढवतंय. कुठल्या मोडक्या सायकलची काढून माझ्या गळ्यात मारलास, खरं सांग."

दीपकचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "इरली बिडो, बाळण्णा," तो कानडीत म्हणाला. असू दे, जाऊ दे. मग त्यानं पिशवीतून पाना काढला, रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही सायकलींच्या सीटा खोलल्या आणि अदलाबदल केली. स्वतःची बसून बसून गुळगुळीत झालेली सीट बोंगाळ्यांच्या सायकलला लावली.

"हिनं मला कधी तरास दिला न्हाई. तू घे," तो म्हणाला, आणि नवी सीट घेऊन पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर कोणी नव्हतं. अकरा वाजता चहा आला नाही. बोंगाळ्यांनी समोर बघितलं तर दीपक पाठमोरा बसून ट्यूब घासत होता. मुकाट्यानं सीट बदलून दिली, म्हणजे मनात पाप असणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एकट्यानं प्यायलेला चहा मात्र अर्धाच राहिला. आणि चार दिवसांत उघड झालं की या सीटवरही तितकंच दुखतंय.

आता दोन सीटा, आणि दोन्ही खराब? बोंगाळ्यांनी पुरावाच गोळा करायचं ठरवलं. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी कापडावर खुणा करायच्या आपल्या निळ्या खडूची पूड केली आणि सीटवर सगळीकडे सारखी चोळली. सीट जिथं टोचत असेल तिथं पँटवर दाट डाग उमटेल, तो डाग दीपकपुढं धरायचा आणि त्याची बोलती बंद करायची, असा बेत. नवनगरच्या मैदानाला दात ओठ खात दहा फेऱ्या मारून ते घरी आले आणि पँट टेबलावर पसरली.

कापडावर निळा रंग सगळीकडे फिका आणि सारखा बसला होता. सीटनं कुठंच टोचलेलं नव्हतं. फक्त मधोमध, बैठकीच्या शिलाईवरून, पट्टी ठेवून आखावी तशी गडद रेघ होती, आणि चारी बाजूंच्या शिलाया जिथं मिळतात तिथं सुपारीएवढा काळपट निळा ठिपका. बोंगाळ्यांनी त्यावर अंगठा दाबला. ती गाठ खड्यासारखी कडक होती. त्यांनी घरी केलेली चड्डी आणली, उलटी केली. तिचीही गाठ नेमकी त्याच जागी. एकावर एक, दोन गाठी.

तीस वर्षं ते मऊ गादीच्या स्टुलावर बसून शिवत आले होते, तेव्हा ही गाठ त्यांना कळली नव्हती. पण दिवसभर मोटारसायकलवर हिंडणारी गिऱ्हाइकं कधीमधी म्हणायची, अण्णा, जरा टोचतंय. त्यांना बोंगाळे काय सांगायचे, तर कापड नवं आहे, बसेल. बोंगाळ्यांना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांनी ठिपका बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि कोणी न सांगता समजून घेतलं.

"भावोजींवर आळ आला ते कापड सापडलं तेव्हाबी असंच बसला होता तुम्ही," त्या म्हणाल्या. "बेळगाव लांब पडतंय म्हणालात. अमरगोळ लांब न्हाई."

बोंगाळ्यांना राग आला, पण कोणाचा ते कळेना. त्यांनी सैल पायजमा घातला आणि सायकल हातात धरून चालत अमरगोळला गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. गेलो नाही तर काय होईल याचा अंदाज घ्यायची मात्र गरज नव्हती. समोरच्या दुकानातली ती पाठ त्यांनी आठवडाभर बघितली होती.

दीपक अंगणात सायकल पुसत होता. तिच्यावर ती नवी सीट होती, आणि तो तिच्यावरून रोज मजेत येत जात होता हे उघड होतं.

"सीटमध्ये काही न्हवतं," बोंगाळे म्हणाले. "माझी शिलाई हाय ती."

"ठाव हाय," दीपक म्हणाला.

"कवापासनं?"

"पहिल्या आठवड्यापासनं. चढाला तू पुढं असायचास. मागनं दिसतंय की, कुठं घासायलंय ते."

"मग सांगाय न्हाई व्हय?"

दीपकनं फडकं खाली ठेवलं. "सांगितलो असतो तर तू काय म्हटला असतास?"

बोंगाळ्यांनी सायकल स्टँडवर लावली. "आपल्या सीटची खोट झाकाय बघतोय म्हटलो असतो," ते म्हणाले.

"मग? म्हणून सीट बदलून दिलो. दोन्हीवर दुखलं की तुझं तुला कळंल. पर लई लागलं बघ मला. अठरा वर्षांत तू मला तसं कधी बघितला न्हवतास."

"चुकलं माझं," बोंगाळे म्हणाले.

दीपक लगेच विरघळला नाही. त्यानं आधी हात धुतले, टॉवेलला पुसले, घरात जाऊन पाना घेऊन आला. मग बोंगाळ्यांची सायकल बघत म्हणाला, "सीट बी दोन बोटं वर हाय तुझी. डुलतोस म्हणून आणखीन घासतंय. बस वर. दोन्ही टाचा पायडलवर ठेव, पाय किती लांबतोय ते बघतो."

"पडंन की."

"मी मागनं धरतो. तू समोर बघ."

बोंगाळे कसेबसे वर बसले. एक टाच पायडलवर ठेवली, दुसरा पाय अजून जमिनीवर. मागे दीपक दिसत नव्हता. धरलास का, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, समोरच्या तुरीच्या शेताकडे बघितलं आणि दुसरा पायही वर घेतला.