सहीचं शेपूट

मॅट्रिकच्या वर्षी नगरला मी आणि तो एका खोलीत राहत होतो. तो कापडदुकानदाराचा मुलगा, मी राहात्याकडच्या शेतकऱ्याचा. अभ्यासात तो माझ्याहून हुशार नव्हता, धावण्यात तर नव्हताच. पण त्याच्याकडे पोस्टाचं पासबुक होतं! जेवण झालं की ट्रंकेतून काढायचा, उघडून बघायचा, परत घडीच्या कपड्यांत ठेवायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दिवाळीत वडिलांनी भुईमूग विकला आणि परीक्षेच्या फीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "गावच्या सोसायटीत टाक. लागतील तवा मी आनून दीन. चेअरमन आपल्याच भावकीतला हाय."

"पोस्टातच टाकणार," मी म्हणालो. सोसायटीत वाईट काय होतं? काही नाही. पण सोसायटीचं पुस्तक त्याच्या नाकासमोर मिरवता आलं नसतं, एवढंच.

खातं उघडताना पोस्टमास्तरांनी नमुन्याची सही मागितली. मला वडिलांनी शिकवलेली मोडीतली सही यायची, लहानशी, साधी. तो मात्र इंग्रजीत करायचा. तिला असं ऐटबाज शेपूट, की अख्ख्या नावाखालून फिरून पहिल्या अक्षराला वेढा घालायचं. मी ते चोरून वहीभर गिरवलं होतं. दिली ठोकून तसलीच सही! संध्याकाळी मीही ऐटीत पासबुक काढलं. "वा, बरं झालं," तो म्हणाला. मेल्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

फी भरायचा शेवटचा दिवस उजाडला. मी पैसे काढायच्या कागदावर सही केली. मास्तरांनी ती नमुन्याशी ताडून पाहिली आणि मान हलवली. पुन्हा केली. शेपूट भलतीकडेच गेलं. तिसऱ्या वेळी तर नावालाच आडवं गेलं.

"जुळत नाही. माझ्या ओळखीचं कुणी आण. तुला ओळखतो म्हणून त्यानं सही केली तर पैसे देतो."

फी चुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की गावी जाऊन नांगर धरायचा, हे ठरलेलं होतं. मास्तरांच्या ओळखीचा नगरात मला एकच माणूस ठाऊक होता. काय करता! गेलो बोलवायला. तो जेवत होता. ताटावरून उठला आणि हात धुऊन माझ्याबरोबर धावत आला.

मास्तरांनी माझ्या नमुन्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला. शेजारच्या कागदावर त्यानं सही केली. दोन शेपटं, अगदी सख्खी भावंडं! त्यानं माझ्या सहीकडे पाहिलं, मग आपल्या सहीकडे, मग माझ्याकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हा आता हसेल, मास्तरांना सांगेल, शाळाभर करेल. त्यानं नुसता टाक परत दौतीत ठेवला.

पैसे मिळाले, फी भरली. परत येताना मग तो हळूच म्हणाला, "अरे, ते शेपूट मी आधी काढून घेतो आणि मग त्यावर नाव लिहितो. तू शेवटी काढतोस, म्हणून तुझा हात अडतो. दाखवू का?"

इतक्या मायेनं म्हणाला, की त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.