कारण : ग्राहकाची हाताळणी

रुपराव भोयरांच्या घरात काही बिघडलं की ते आधी त्यांच्यापासून लपवायची पद्धत होती. इस्त्री बंद पडली तर बाकीची माणसं ती उचलून दुकानात नेतात. रुपराव आधी विचारणार, कधी बंद पडली, त्याआधी किती कपडे झाले होते, लाइट खालीवर होत होती का, प्लगला हात लावून पाहिला का. सगळी उत्तरं एका लांबोडक्या वहीत वेळेसकट लिहिणार आणि मग दोन दिवस विचार करणार. तोवर घरादारानं चुरगळलेले कपडे घालायचे. "इस्त्री होय का मर्डर केस जी?" त्यांची बायको वच्छला म्हणे. बहुतेक वेळा त्यांचं निदान बरोबर निघे, आणि घरातल्यांना त्याचाच जास्त राग येई.

ही खोड त्यांना कळमेश्वरच्या कारखान्यानं लावली. तिथल्या एमआयडीसीत पुठ्ठा तयार करणारा एक कारखाना होता, आता तो बंद झालाय. रुपरावांनी तिथं एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळला. नागपुरातल्या गिट्टीखदानहून लुनानं निघायचे, फेटरीवरून सातच्या आत पोचायचे, आणि आल्या आल्या आधीच्या पाळीवाल्यानं लॉगबुकात काय लिहून ठेवलंय ते वाचायचे. चहा नंतर. बॉयलरवाल्यांचा एक नियम असतो. भट्टीतली ज्योत विझून यंत्र आपोआप बंद पडलं, तर कारण सापडेपर्यंत ते पुन्हा सुरू करायचं नाही. बटण दाबलं की आत तेल जातंच. ज्योत धरली नाही तर त्या तेलाची वाफ तिथंच साठते. दुसऱ्यांदा दाबलं की आणखी साठते. तिसऱ्यांदा कुठं तरी ठिणगी पडते.

चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी ज्योत दोनदा विझली. रुपरावांनी बॉयलर बंद ठेवला, लॉगबुकात लिहिलं, 'कारण सापडेपर्यंत चालू करू नये', आणि वर कळवलं. वरच्या साहेबाला त्या दिवशी माल पाठवायचा होता. त्यानं रुपरावांना ऑफिसात बोलावून घेतलं, समोर उभं करून चांगलं झापलं, आणि झापता झापताच फोन उचलून धर्मेंद्र नावाच्या फिटरला बटण दाबायला सांगितलं. भट्टीचं मागचं दार उडालं. धर्मेंद्र जागीच गेला.

लॉगबुक चौकशीसाठी म्हणून नेलं ते परत आलंच नाही. आला तो चौकशीचा कागद. त्यात लिहिलं होतं की घटनेच्या वेळी ऑपरेटर जागेवर नव्हता. आता यात खोटं काय आहे, सांगा. नव्हताच तो जागेवर, साहेबाच्या टेबलासमोर उभा होता. साहेब म्हणाला, भोयर, सही करून टाका. प्रकरण मिटलं तर धर्मेंद्रच्या बायकोला उद्यापासून कॅन्टीनमध्ये घेतो. नाही तर बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत, आणि तिलाही बसवा. रुपरावांनी सही केली. बाई कामाला लागली, रुपरावांना बॉयलरवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथं ते कारखान्याला कुलूप लागेपर्यंत नटबोल्ट देत राहिले. घरी त्यांनी वच्छलाबाईंना त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मुलगी मोनाली तेव्हा बारा वर्षांची होती, तिच्यासमोर असं काय बोलायचं म्हणून विषय तिथंच संपला. आपल्या घरात तरी खरं काय ते माहीत आहे, एवढ्यावर रुपरावांचे पुढचे दिवस गेले.

तर अशा माणसाच्या घरात मे महिन्यात नवा कोरा लॅपटॉप आला, आणि तो सुरू होताना बंद पडू लागला.

लॅपटॉप मोनालीचा. दोन वर्षं वाट पाहून तिला घरून करायचं काम मिळालं होतं, पुण्याच्या एका कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायचं. सोमवारी ट्रेनिंग सुरू होणार, लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा, आणि ट्रेनिंगला एक दिवस जरी गैरहजर तरी नाव कटणार, असं कळवलेलं. मंगळवारी खोकं उघडलं, वच्छलाबाईंनी हळदीकुंकू लावलं, मोनालीनं बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपक्यांचा गोल फिरला, मग पडदा निळा झाला आणि सगळं बंद. आपोआप पुन्हा सुरू, पुन्हा निळा. पाचव्या वेळी कुठं नीट सुरू झाला.

"दोनचारदा दाबलं का होते चालू," मोनाली म्हणाली.

"म्हणूनच नको दाबू वं," रुपराव म्हणाले, आणि वही आणायला उठले.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. पण या वेळी लपवायला जागाच नव्हती.

हेल्पलाइनवरच्या मुलीनं जे जे सांगितलं ते सगळं झालं. चार्जर काढून पाहिला, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली. निळा पडदा काही हटला नाही. रुपरावांना विंडोज म्हणजे काय हे कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ते फक्त घड्याळ पाहत होते. शुक्रवारपर्यंत वहीत एकतीस नोंदी झाल्या, आणि रात्री जेवताना त्यांनी घास हातात धरूनच जाहीर केलं की लॅपटॉप थंड असताना पडतो आणि गरम झाल्यावर चालतो. दोन तास बंद ठेवा, हमखास पडेल. म्हणजे आत कुठं तरी एखादा जोड नीट बसलेला नाही. तापला की फुगून टेकतो, निवला की सुटतो.

"बाबा, तो बॉयलर नाही," मोनाली म्हणाली.

"जोड तर जोडच असते ना."

शनिवारी दुपारी लॅपटॉप कंपनीचा माणूस आला. दुर्गेश त्याचं नाव, पाठीवर सॅक, बेचाळीस डिग्रीत गाडी चालवून तोंड लाल झालेलं. रुपरावांनी सकाळपासून लॅपटॉपला कोणाला हात लावू दिला नव्हता. दुर्गेशनं बटण दाबलं आणि पडदा निळा झाला. रुपरावांनी वही पुढं केली. दुर्गेशनं ती उभ्या उभ्या चाळली, मग खाली बसून नीट वाचली. सगळी पानं वाचणारा तो पहिलाच माणूस. त्यानं लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण काढलं, आत मेमरीची एक छोटी पट्टी होती तिच्यावर अंगठा ठेवून दाबलं. टक् असा आवाज आला. दोघांनीही ऐकला.

"काका, तुम्ही बराबर होते," दुर्गेश म्हणाला. "पट्टी अर्धीच बसली होती. कंपनीतूनच."

तासभर तो तिथंच कूलरसमोर बसला, लॅपटॉप निवू दिला, मग दाबलं तर पहिल्याच दमात सुरू. रुपरावांचा चेहरा असा झाला की वच्छलाबाईंना वाटलं आता हे नाचतात की काय. चौदा वर्षांत यंत्राच्या बाबतीत त्यांना कोणी 'तुम्ही बरोबर' म्हटलं नव्हतं. त्यांनी चहा टाकायला सांगितला, वर शेवचिवडाही काढायला लावला.

चहा पिता पिता दुर्गेश मोबाइलवर रिपोर्ट भरायला लागला. रुपराव त्याच्या खांद्यावरून पाहत होते. जुनी सवय.

"हे काय लिहून राहिला तू?"

"कारण, काका."

"ग्राहकाची हाताळणी?"

दुर्गेशनं पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथं तीनच कारणं होती, त्यांतलं एक निवडायचं. सॉफ्टवेअर, पार्ट बदलला, ग्राहकाची हाताळणी. सॉफ्टवेअर म्हणावं तर ते हेल्पलाइनवाल्यांनी आधीच करून झालेलं. पार्ट बदलला म्हणावं तर नव्या पार्टचा नंबर मागतात, आणि पार्ट बदललाच नव्हता. "वर लिहून देतो की लॅपटॉप कूलरसमोर होता, ओल लागली असंन. म्हणजे तुम्हाले कोणी जास्त विचारणार नाही."

"पण ओल लागलीच नाही. तुले माहीत आहे चूक कोणाची."

"माहीत आहे ना काका. पण माहीत असून काय कराचं, ऑप्शनच नाही."

"मंग मी नाही सही देत. उद्या परत बंद पडला तर म्हणतील, तुम्हीच बिघडवला. बाजूले लिही, जोड कंपनीतून सैल होता."

"सही लागतच नाही," दुर्गेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, त्याला संध्याकाळपर्यंत अजून सहा घरं करायची होती. "ताईच्या मोबाइलवर नंबर आला असंन, तो सांगा. बिना नंबरचा तक्रारीचा कॉल बंद होत नाही. कॉल उघडा ठेवला तर मंग लॅपटॉप सेंटरले जमा करा लागते, आठ दिवस तरी."

"जमा कर," रुपराव म्हणाले. "पण खोटं नको लिहू गा."

"चार सात दोन शून्य," मोनाली म्हणाली.

दुर्गेशनं नंबर टाकला, उरलेला चहा घोटात संपवला, सॅक उचलली आणि रुपरावांकडे न पाहता चपला घालून गेला.

"काहून सांगतला?" रुपरावांनी विचारलं.

"सोमवारी ट्रेनिंग आहे बाबा. एका शब्दापायी मी नोकरी घालवू का?"

"एक शब्द नाही तो. तुझ्या नावावर खोटी चूक लिहून गेला तो."

"लिहू द्या. माझं काय जाते?" मग तिनं बापाकडे पाहिलं आणि तिचा स्वर एकदम मऊ झाला. तापानं फणफणलेल्या माणसाशी बोलतात तशी ती बोलू लागली. "तुम्ही एवढं काहून मनाले लावून घेता, मले समजते बाबा. ते बॉयलरचं तुमच्या डोक्यातून जात नाही. पण आम्ही तुम्हाले कधी बोललो का? तुम्ही तेव्हा जागेवर असते तर धर्मेंद्रकाका वाचले असते, हे काय मले माहीत नाही? पण मी एका शब्दानं काढलं नाही कधी. माणसाकडून होते चूक. मी तर शाळेत होती तेव्हाच तुम्हाले माफ केलं."

रुपराव सावकाश वच्छलाबाईंकडे वळले. त्या कपबशा गोळा करत होत्या.

"तू हिले काय सांगतलं होतं?"

"शाळेत पोरी विचारत होत्या तिले," वच्छलाबाई म्हणाल्या. "रडत आली घरी. मंग काय सांगू? कागदात जे होतं तेच सांगतलं."

"मी तुले सगळं सांगतलं होतं वं. त्याच दिवशी."

"हो, सांगतलं होतं." कपबशा घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "पण सही तर तुमचीच होती ना जी."

चौदा वर्षं आपल्या घरात आपल्याला ओळखतात या भरवशावर रुपराव बाहेरचं सगळं गिळत आले होते. कारखान्यात खाली मान घालून नटबोल्ट मोजले ते त्याच जोरावर. आणि इथं दोघी मायलेकी तेवढीच वर्षं त्यांचा अपराध पोटात घालून त्यांना जेवायला वाढत होत्या, आणि तो त्या दोघींचा मोठेपणा होता. साहेबाचा रुपरावांनी आजवर मनसोक्त राग केला होता. या दोघींचा राग कसा करायचा, ते त्यांना कळेना.

मोनालीनं लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तो लगेच सुरू झाला. "पाहा बाबा," ती म्हणाली, "आता काहीच प्रॉब्लेम नाही."